साथीच्या काळीं जावें कीं राहावें?

साथीचा रोग आला म्हणजे मनुष्याच्या मनांत पहिला प्रश्न औषधाचा येतो आणि दुसरा वाटेचा. जावें कीं राहावें? बहिणीच्या मुलाचें लग्न ठरलें आहे, आठवड्याचा बाजार भरणार आहे, म्हातारी आई परगांवीं अंथरुणास खिळली आहे, शहरांतली मजुरी बंद पडून हातांतले पैसे संपले आहेत. अशा वेळीं उंबऱ्याबाहेर पाऊल टाकावें कीं नाहीं? वैद्य रोगाविषयीं सांगतो, सरकार हुकूम काढतें. परंतु ह्या दोघांचें ऐकून झाल्यावरही कांहीं भाग असा उरतो कीं, त्याचा निर्णय ज्याचा त्यानेंच करावयाचा असतो. हा उरलेला भाग नीतीचा आहे, आणि त्याचाच विचार येथें करावयाचा आहे. कोरोनाच्या महामारीची जागतिक आणीबाणी संपल्याचें जागतिक आरोग्य संघटनेनें ५ मे २०२३ रोजीं जाहीर केलें. साथ अंगावर असतां शांतपणें विचार होत नाहीं. म्हणून ती ओसरल्यावर तो करून ठेवणें बरें.

आमच्या खेड्यापाड्यांतून ह्या प्रश्नाचीं दोन उत्तरें ऐकूं येतात. कोणी म्हणतो, "व्हायचें तें होणारच, मरण यायचें असेल तर घरांत बसूनही येईल." तो खुशाल बाजारास जातो, आणि आपल्या निष्काळजीपणास कधीं धैर्य म्हणतो, कधीं विश्वास. दुसरा म्हणतो, "आपला जीव आपण सांभाळावा; दुसऱ्याचें दुसरा पाहील." तो दारास कडी लावतो, आणि शेजारच्या घरीं तांब्याभर पाणी द्यावयास कोणी उरलें नाहीं ही गोष्ट आपल्या कानावर येऊं देत नाहीं. हीं उत्तरें एकमेकांच्या उलट दिसतात खरीं, पण दोहोंचें मूळ एकच आहे. दोघेही एकाच मनुष्याच्या जिवाचा हिशेब मांडतात, आणि तो मनुष्य म्हणजे ते स्वतः. पहिला तो जीव उधळतो, दुसरा तो पुरून ठेवतो. साथीचा रोग मात्र एका मनुष्याच्या हिशेबांत मावत नाहीं.

पुरांत बुडणाऱ्यास काढण्यासाठीं जो उडी घालतो, तो आपला जीव धोक्यांत घालतो. तो त्याचा आहे, आणि तो देण्याचा अधिकारही त्याचा आहे. परंतु वाऱ्याच्या दिवशीं शेजारणीकडून विस्तव आणावयास गेलेली बाई जर उघड्या गोवरीवर निखारा घेऊन कडब्याच्या गंजींमधून चालूं लागली, तर ती कोणाचा जीव धोक्यांत घालते? "मला भाजलें तरी चालेल" असें ती म्हणाली म्हणून गंजीच्या धन्याचें समाधान होईल काय? साथीच्या काळचा प्रवासी ह्या बाईसारखा आहे. त्यांतही विशेष हा कीं, आपल्या गोवरीवर निखारा आहे कीं नुसती राख, हें त्याला ठाऊक नसतें. कोरोनाच्या रोगांत ताप-खोकला दिसूं लागण्यापूर्वीं एकदोन दिवस मनुष्य दुसऱ्यास रोग देऊं शकतो, आणि कित्येकांना तर स्वतःला कांहींच न होतां ते इतरांना रोग देतात. "मला कांहीं झालें नाहीं" हें उत्तर म्हणून पुरेसें होत नाहीं.

मग मन दुसरी सबब काढतें: "माझ्या एकट्याच्या जाण्यानें असें काय होणार आहे?" बिरबलाची एक जुनी गोष्ट सर्वांना ठाऊक आहे. रात्रीं प्रत्येकानें हौदांत घागरभर दूध ओतावें असा हुकूम झाला. प्रत्येकाला वाटलें, इतक्या दुधांत माझें घागरभर पाणी कोणास कळणार? सकाळीं पाहतात तों हौद पाण्यानें भरलेला. त्या रात्रीं प्रत्येकाचा विचार एकेकटा पाहिला तर खोटा नव्हता. एका घागरीनें खरोखरच कांहीं झालें नसतें. पण तोच विचार सर्वांनीं केला, आणि साथीच्या काळीं तर सर्व जण एकाच वेळीं तोच विचार करीत असतात. म्हणून आपल्या एका जाण्याचें माप घेतांना, माझ्यासारख्या स्थितींतल्या प्रत्येकानें हेंच केलें तर काय होईल, असें विचारिलें पाहिजे.

आतां आपल्याच प्रांतांत काय घडलें तें पाहूं. १८९६ सालच्या सप्टेंबर महिन्यांत मुंबईच्या मांडवी भागांत डॉक्टर अकासिओ व्हिएगस ह्यांनीं गांठीचा ताप, म्हणजे प्लेग, ओळखिला. आठ लक्षांहून अधिक वस्तीचें तें शहर. थोड्याच महिन्यांत लाखों लोक आगगाडीनें, गलबतानें व पायीं तेथून बाहेर पडले. त्यांना दोष देणें सोपें आहे. परंतु त्यांच्यापुढें काय होतें? चाळींत मरण, इस्पितळाची धास्ती, आणि गांवाकडे आपलीं माणसें. ते निघाले, व त्यांच्या बोचक्यांबरोबर रोगही निघाला. पुढील दोन-तीन दशकांत ह्या रोगानें हिंदुस्थानांत एक कोटीच्या आसपास माणसें नेलीं.

प्लेग कसा पसरतो हें त्या वेळीं कोणासच नीट ठाऊक नव्हतें. पॉल-लुई सिमों ह्या फ्रेंच डॉक्टरानें १८९८ सालीं कराचींत असें दाखविलें कीं, उंदराच्या अंगावरची पिसू हा रोग नेते. पण विद्वानांनीं तें पटवून घेण्यास आणखी कित्येक वर्षें गेलीं. इकडे देशावरच्या शेतकऱ्यांनीं मात्र एक गोष्ट डोळ्यांनीं पाहून शिकून घेतली होती. घरांत उंदीर मरून पडूं लागले कीं, सारें गांव सोडून रानांत झोंपड्या घालून राहावयाचें. त्यांना जंतूचें नांव ठाऊक नव्हतें, पण त्यांचें वागणें योग्य होतें. कारण रोग घरच्या उंदरांत होता, आणि घर सोडणें हाच उपाय होता.

पुढें १९१८ सालीं इन्फ्ल्युएंझा आला. जून महिन्यांत तो मुंबई बंदरांत उतरला, आणि सप्टेंबरांत अधिक भयंकर रूपानें परत आला. ६ ऑक्टोबर १९१८ ह्या एका दिवशीं मुंबईंत ७६८ मृत्यु नोंदले गेले. त्या वर्षीं पाऊस पडला नव्हता, धान्य महाग होतें, अंगांत त्राण नव्हतें. हिंदुस्थानांत ह्या रोगानें एक कोटी वीस लाखांपासून दोन कोटींपर्यंत माणसें मेलीं असावीं असा अंदाज आहे. हा रोग श्वासाचा. येथें उंदीर नाहीं, पिसू नाहीं; येथें मनुष्यच मनुष्यास रोग देतो. प्लेगच्या वेळीं घर सोडून रानांत गेलेला शेतकरी शहाणा ठरला. तीच रीत धरून इन्फ्ल्युएंझाच्या वेळीं जो घर सोडून आगगाडीच्या गर्दींत शिरला, त्यानें तो रोग स्टेशनामागून स्टेशनावर पोंचविला.

ह्यावरून पहिला धडा असा निघतो कीं, जाणें हें स्वतः पाप नव्हे आणि राहणें हें स्वतः पुण्य नव्हे. एकच कृत्य एका रोगांत शेजाऱ्याचें रक्षण करितें आणि दुसऱ्या रोगांत त्याचा घात करितें. म्हणून साथीच्या काळीं रोगाची माहिती करून घेणें हा शिकलेल्यांचाच छंद नसून तें प्रत्येकाचें कर्तव्य होय. हेतु चांगला असला म्हणजे पुरे, असें पुष्कळांना वाटतें. पण विहिरींत विष आहे किंवा नाहीं ह्याची चौकशी न करितां तहानेल्यास तिचें पाणी पाजणाऱ्याचा हेतु चांगला असला, तरी पिणारा मरतोच. जी चौकशी करितां येण्याजोगी होती ती न करणें हा प्रेमांतलाच उणेपणा आहे.

दुसरी गोष्ट, सर्वांचें कर्तव्य सारखें नसतें. १५२७ सालीं जर्मनींतील विटेनबर्ग शहरांत प्लेग आला. तेथील विद्यापीठ येना येथें हलविण्यांत आलें, पण मार्टिन ल्यूथर मागें राहिला, आणि प्राणघातक साथींतून पळून जावें कीं नाहीं ह्या प्रश्नावर त्यानें एक पत्र लिहून छापिलें. त्याच्या विचाराचा मतितार्थ असा: ज्याच्या अंगावर दुसऱ्याचा भार आहे, जसे पाळक, अधिकारी, वैद्य, चाकर व धनी, आईबाप व मुलें, त्यानें आपली जागा दुसऱ्या कोणाच्या हातीं दिल्यावांचून सोडूं नये. ज्याच्यावर असा भार नाहीं त्यानें आपला जीव वांचविला तर तें पाप नाहीं. आणि जो राहतो त्यानेंही औषध घ्यावें, घर शुद्ध ठेवावें, व जेथें आपली गरज नाहीं तेथें जाऊं नये. म्हणजे धाडस आणि सावधगिरी ह्यांचा त्यानें तंटा लावला नाहीं. आपल्याकडेही असेंच उदाहरण आहे. पुण्याच्या साथींत सावित्रीबाई फुले आपल्या डॉक्टर मुलाबरोबर रोग्यांची शुश्रूषा करीत होत्या, आणि त्याच रोगानें १० मार्च १८९७ रोजीं त्या मरण पावल्या. त्यांच्या जाण्यांत आणि साथ ऐन भरांत असतां लग्नाचें जेवण जेवावयास जाणाऱ्याच्या जाण्यांत काय फरक आहे, हें लहान मुलासही कळतें. एकाच्या जाण्याची गरज रोग्याला होती, दुसऱ्याच्या जाण्याची गरज फक्त त्याला स्वतःला होती.

तिसरी गोष्ट न्यायाची. मार्च २०२० मध्यें आगगाड्या थांबल्या, आणि २५ मार्चपासून सर्व देशांत टाळेबंदी लागू झाली. "घरांतच राहा" हा हुकूम रोगाच्या दृष्टीनें योग्य होता. परंतु ज्याचें घर म्हणजे दहा जणांची एक खोली, आणि ज्याची चूल रोजच्या मजुरीवर पेटते, त्याला तो हुकूम कसा ऐकूं आला असेल? हजारों मजूर मुलेंबाळें घेऊन पायीं आपल्या गांवाकडे निघाले. जालन्याहून मध्यप्रदेशाकडे निघालेले कांहीं मजूर औरंगाबाद जिल्ह्यांतील करमाडजवळ थकून रुळांवरच झोंपले, आणि ८ मे २०२० च्या पहाटे मालगाडीखालीं त्यांतले १६ जण मेले. गाड्या बंद आहेत, मग रुळांवर गाडी येणार नाहीं, असा त्यांचा समज असावा. त्यांना "तुम्ही नियम मोडला" असें कोण म्हणूं शकेल? ज्यानें महिन्याचें धान्य घरांत भरून ठेविलें होतें त्यानें तर मुळींच म्हणूं नये. जो दुसऱ्यास "राहा" म्हणतो, त्यानें त्याचें राहणें शक्य करून दिलें पाहिजे. भाकरीवांचून दिलेला उपदेश भुकेल्याच्या दाराशीं पोंचत नाहीं.

त्याच दिवसांत आमच्या कित्येक गांवांनीं शिवेवर कांटे व झाडाच्या फांद्या टाकून रस्ते बंद केले. भीति खरी होती. गांवांत म्हातारीं माणसें होतीं आणि दवाखाना दूर होता. परंतु वेशीबाहेर उभा असलेला मुंबई-पुण्याहून आलेला मुलगा त्याच गांवचा होता. त्याच्या मनिऑर्डरीवर त्याच गांवांतलीं घरें चाललीं होतीं. ह्यांत दोन प्रकारचीं गांवें दिसलीं. एका प्रकारच्या गांवानें कांटे टाकले आणि पाठ फिरविली. दुसऱ्या प्रकारच्या गांवानें जिल्हा परिषदेच्या शाळेची खोली उघडून दिली, चौदा दिवस तेथें राहावयास सांगितलें, आणि दोन वेळां भाकर-कालवण दाराबाहेर ठेवून हांक मारली. रोग दूर ठेवण्याचें काम दोघांनींही केलें. पण पहिल्यानें रोगाबरोबर भाऊही दूर लोटला, आणि दुसऱ्यानें भावास जवळ ठेवून रोगास दूर ठेविलें. साथीच्या काळीं सारी कुशलता ह्या दोन गोष्टी निरनिराळ्या करण्यांत आहे.

आतां चौथी गोष्ट, आणि माझ्या मतें सर्वांत मोठी. साथीच्या काळचा मुख्य सद्गुण सत्य हा होय. १८९७ सालीं पुण्यांत सोजीर घरोघर झडती घेऊं लागले, तेव्हां लोकांनीं रोगी लपविले, प्रेतें लपविलीं. आणि लपविलेल्या रोग्यापासून रोग वाढला. २०२० सालीं सोजीर नव्हते, पण लाज होती. दारावर कागद चिकटेल, पाणवठ्यावर लोक बाजूस सरतील, मुलीचें ठरलेलें लग्न मोडेल, ह्या भयानें लोक ताप लपवीत. लपविणारा चुकतो हें खरें. पण खरें बोलणाऱ्याचा जेथें छळ होतो तेथें लपविण्याचें पाप एकट्या त्याचें राहत नाहीं. "कोठून आलांस? अंगांत कसर आहे काय?" असें विचारण्यापूर्वीं गांवानें स्वतःस विचारावें: तो खरें बोलला तर आम्ही त्याचें काय करूं? त्याच्या गुरांना चारा घालूं, कीं त्याच्या घराकडे बोट दाखवूं? ज्या गांवांत खरें बोलण्याची किंमत फार नसते, त्या गांवांत रोग लवकर कळतो आणि लवकर आटोपतो.

कोणी म्हणेल, हें सारें ठीक, पण माझी आई मरणास टेकली आहे. मी काय करूं? ह्या प्रश्नास कोणतेंही सोपें उत्तर देणारा मनुष्य निर्दय असला पाहिजे. २०२१ सालच्या एप्रिल महिन्यांत कित्येक मुलांना आपल्या आईबापांचें तोंडही पाहतां आलें नाहीं, आणि कित्येक ठिकाणीं परक्या माणसांनीं मूठमाती किंवा अग्नि दिला. जे गेले नाहींत त्यांचें प्रेम कमी होतें असें कोणीं समजूं नये. तरी मला असें वाटतें कीं, पुढील विचार थोडा उपयोगी पडेल. आईजवळ तिला पाणी पाजणारें, तिचें अंग पुसणारें कोणी आहे काय? असेल, तर त्याला पैसे पाठवावे, रोज फोनवरून आईशीं बोलावें, आणि आपण न जाण्याचें दुःख सोसावें. तें दुःखच त्या वेळची सेवा होय. कोणी नसेल, तर जावें. पण मग भेटावयास जाऊं नये, राहावयास जावें. वाटेंत चार घरीं चहा घेऊं नये. पोंचल्यावर गांवभर हिंडूं नये. आणि दोन दिवसांनीं परत येण्याची घाई करूं नये. एक जाणें क्षम्य असतें, कारण त्याची गरज असते. जाणें-येणें जितकें वाढवावें तितकी ती गरज पातळ होत जाते.

इतर जाण्यांविषयीं चार प्रश्न पुरे आहेत. ह्या जाण्याची गरज कोणाला आहे, मला कीं दुसऱ्याला? हेंच काम पत्रानें, फोननें, किंवा महिन्याभरानें होईल काय? वाटेंत व तेथें म्हातारें, गरोदर किंवा आजारी असें कोण कोण मला भेटेल? आणि रोग माझ्याबरोबर गेलाच, तर त्याची किंमत मी भरणार कीं दुसरा? चौथ्या प्रश्नाचें उत्तर देतांना मनुष्य बहुधा थांबतो, आणि तेथें थांबावेंच. जो मनुष्य हे प्रश्न विचारून जातो आणि जो ते विचारून राहतो, त्या दोघांनीं एकमेकांस नांवें ठेवूं नयेत.

उपासनेविषयीं दोन शब्द लिहिणें अवश्य आहे, कारण ह्या बाबतींत पुष्कळांचें मन दुखावलें होतें. १२ एप्रिल २०२० रोजीं पुनरुत्थानाचा सण आला तेव्हां देशभर मंदिरांचीं दारें बंद होतीं. त्याच वर्षीं आषाढी वारींतले वारकरी शेंकडों वर्षांची वाट सोडून घरीं राहिले, आणि पालख्या एस. टी.च्या मोटारींतून पंढरपुरास गेल्या. धर्म कोणताही असो, श्रद्धावंतांस तें जड गेलें. पण दार बंद करणें हा श्रद्धेचा पराजय होता असें मला वाटत नाहीं. शेजाऱ्याच्या जिवासाठीं आपली सर्वांत प्रिय गोष्ट कांहीं काळ बाजूस ठेवणें हें उपासनेच्या विरुद्ध कसें असेल? मात्र दार बंद झाल्यावर ज्या पाळकानें व उपदेशकानें फोन करून एकेका घराची खबर घेतली त्याची उपासना चालू राहिली, आणि ज्यानें कुलूप लावून सुटी घेतली त्याची थांबली.

उपदेशक बंधूंनो, पुढची साथ कोणत्या रोगाची असेल, ती पिसवेची असेल, पाण्याची असेल, कीं श्वासाची, हें आज सांगतां येत नाहीं. म्हणून ठराविक नियम पाठ करून ठेवण्यापेक्षां कांहीं साधीं कामें आजच करून ठेवावीं. आपल्या गांवांत एकटीं राहणारीं म्हातारीं माणसें किती व कोणतीं, त्यांची यादी करावी. गांवचीं कोणतीं मुलें कोणत्या शहरांत कामास आहेत, त्यांचे फोन नंबर एका वहींत लिहून ठेवावे. आशाताईची ओळख ठेवावी, आणि तिचें म्हणणें लोकांपुढें उचलून धरावें. शाळेची किल्ली कोणापाशीं असते तें विचारून ठेवावें. बाहेरून आलेल्यास तेथें ठेवावें लागलें तर भाकर कोण देईल, पाणी कोण भरील, हें सभेंत बसून, कोणाचेंही नांव रोगाशीं जोडलें गेलेलें नसतांना, ठरवावें. साथ आल्यावर हे प्रश्न काढिले तर प्रत्येकाच्या डोळ्यांपुढें कोणता तरी एक मनुष्य उभा राहतो, आणि मग न्याय करणें कठीण होतें. आज तसा कोणी नाहीं. म्हणून येत्या सभेंतच हा विषय काढावा अशी माझी विनंति आहे.